उकड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आहात. दिवाळी सरली आहे. माणसं द्राक्षांच्या कामाला खाली उतरलीत, दारांना कड्या लागल्यात. एकाच घरातून धूर निघतोय. तिथे चुलीपुढे अकरा वर्षांची मीना बसली आहे.

तिची आई लंकाबाई क्षयाने अंथरुणाला खिळली होती. बाप विंचूरला कांद्याच्या गोण्या उचलायला गेलेला. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं दवाखान्याची आशाताई बजावून गेली होती. पण रिकाम्या पोटी त्या उलटून पडत, नुसत्या पेजेवरही टिकत नसत. दोन दिवस चुकले होते. आज पोटात भाकरी जायलाच हवी होती.

मीनाने आश्रमशाळेत गव्हाच्या पोळ्या केल्या होत्या. त्याच सवयीने तिने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठात गार पाणी ओतलं. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना तुटली. तिसरीचा कोरडा चुरा आईच्या घशात अडकला आणि खोकल्याची अशी उबळ आली, की पदराला रक्त लागलं.

"नकाशा काढतेस का गं?" आई धापा टाकत म्हणाली. "ह्यो तुकडा तर गुजरात दिसतोय."

मीनाला हसू आलं नाही. चौथीही फाटली.

"उकड..." आई पुटपुटली. "उकड, पोरी..."

आईला उकडतंय असं वाटून मीनाने दार सताड उघडलं, सुपाने वारा घालायला लागली. गार वारा आत शिरला. आई कुडकुडायला लागली, तरी तेच म्हणत राहिली. कुडकुडणाऱ्या माणसाला उकडेल कसं? मीनाचा हात थांबला.

"पिठाची उकड का, आये?"

"मंग काय माझी?"

मीनाने दार लावलं. पातेल्यात पाणी खळखळलं तसं उरलंसुरलं पीठ त्यात घातलं आणि बोटं भाजत मळलं. या वेळी भाकरी अखंड उतरली. आईने अर्धी खाल्ली, गोळ्या गिळल्या.

थोड्याच वेळात पुन्हा उबळ आली आणि गोळ्यांसकट सगळं बाहेर पडलं.

"ऱ्हाऊ दे आता," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नाय व्हायचं."

मीनाने जमीन पुसली. डब्यात पीठ नव्हतं. तिने जातं पुढे ओढलं, त्यात नागलीची मूठ टाकली आणि खुंटा धरून फिरवायला लागली.