वरच्या मिरच्या

तापातून उठली तरी चंपा जेवेना. जराशी पेज, चार शितं भात, की ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाला, "पालेभाजी, ताजी मासळी पोटात गेली पाहिजे. नायतर परत भरती करावी लागेल."

आमचा पोरगा प्रमोद मुंबईला. तिथनं मोबाइलवर भाजी मागवलीन, ती दारात आली प्लॅस्टिकात गुंडाळलेली. चंपा म्हणाली, "हिला वास कसला तो नाय."

मग मीच पिशवी घेऊन शनिवारच्या बाजारात गेलो. पूर्वी दोघं जायचो. ती पुढं, मी मागनं पिशवी धरून. थंडीत लाल माठ नि मुळा, उन्हाळ्यात फणसाची कोवळी कुयरी, पावसात टाकळा. घरात काय शिजायचं ते बाजार ठरवायचा. चंपा भेंडीचं शेपूट मोडून बघायची, कोथिंबीर नाकाला लावायची, आणि घरी पोचेपर्यंत तिला सडकून भूक लागलेली असायची. गुडघे धरले नि तिचा बाजार सुटला.

पावस गावची सखू भाजीवाली तिच्या जागेवरच बसलेली. केस पिकले, एवढाच फरक. मी माठाच्या जुड्या घेतल्या.

"वैनी कुठाय?"

"आजारी. खात नाय काय."

सखूनं माठ पिशवीत घातलान.

"वर मिरच्या घाल की गो," मी म्हटलं.

"तुला नाय, दादा. वरच्या मिरच्या वैनीच्या. ती भांडून घेते. तिला पाठव, मग बघू."

घरी येऊन सांगितलं. भिंतीकडं तोंड करून पडलेली चंपा वळली.

"वर काय दिलंन नाय?"

"नाय."

"लग्न झाल्यापासनं तिच्याकडनं घेतेय मी. आणि तुम्ही तसेच आलात?"

"मग काय हिसकावून घेऊ?"

"तुमच्याच्यानं काय होणाराय."

त्या दिवशी माठ मीच शिजवला. चंपानं चाखल्यासारखं केलंन, बास. पण पुढच्या शनिवारी बघतो तर बाई पातळ बदलून ओटीवर बसलेली. म्हणाली, "रिक्षा बोलवा."

बाजारात माझ्या खांद्याला धरून उतरली, ती थेट सखूसमोर.

"काय गो, माझ्या नवऱ्याला रिकामा पाठवलास?"

"मग तू कशाला घरात लोळत पडलीस?"

"तुझ्या माठानं बघ, मान टाकलीन."

"तुझ्यापेक्षा ताठ हाय."

चंपा हसली. ताप आल्यापासनं पहिल्यांदा. सखूनं मूठभर मिरच्या टाकल्यान.

"एवढ्याच? आलं पण घाल."

चंपा शेजारच्या टोपलीतली कोथिंबीर हुंगायला वाकली, तेव्हा सखू हळूच मला म्हणाली, "मला वाटलं, येत नाय ती."

"मला पण," मी म्हटलं.

घरी आल्यावर विळीवर स्वतःच बसली. डब्यातला जवळा काढलान, लसूण ठेचलान, माठ परतलान. तांदळाची भाकरी मी थापली, वाकडी झाली, त्यावरनं बोलणी खाल्ली. ती भाकरी अख्खी संपवलीन.

"अजून घालू?"

ताटाकडं बघत म्हणाली, "अर्धी घाला. वरची."