मोडक्या कोंबांचा चहा

माझ्या सासरी बायकांची बोटं कायम हिरवट असायची. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेल्या कमळाच्या बिया सकाळी सोलायच्या आणि बुडातून दाभण घालून आतला हिरवा कोंब बाहेर ढकलायचा. तो आत राहिला तर बी कडू लागते. सोललेल्या बिया किराणावाल्याकडे जात, वाळवलेले कोंब औषधाच्या दुकानात. झोप येत नाही, छाती धडधडते, अशी माणसं ते पुडीने विकत घेत. मोडके कोंब मात्र दुकानदार घेत नसे. ते आमच्या किटलीत पडत. दुकानात ते औषध होतं, आमच्या घरी नुसता चहा.

आता माझी नात औषधांचं शिकते. त्या कोंबातल्या द्रव्यांची नेफेरिन, लिएन्सिनिन अशी नावं ती घडाघडा म्हणते. मला ती सगळी एकाच चवीची वाटतात. माझ्या नणंदेच्या आजारपणाची.

तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी ठरायची नाही. कोंब काढता काढता अख्ख्या गल्लीच्या नकला करायची, सासूबाईंची त्यांच्यासमोरच. ती माहेरपणाला आली आणि एका सकाळी दाभण खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, छातीत पाखरू कोंडल्यासारखं होतंय गं."

डॉक्टरांनी ठोके आवरायच्या गोळ्या दिल्या. पाखरू निवलं. पण मग तिला घेरी यायला लागली, आणि एक दिवस मोरीपाशीच ती कोसळली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. "हिच्या दुधाच्या दाढा तरी पडल्यात का?" सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या. भिंगरीची नाडी फार मंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या ताबडतोब बंद केल्या.

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. आम्हीही माना हलवल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं.

गोळ्या थांबल्या, तरी नाडी उतरतच गेली. ओठ राखेसारखे झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा तेच विचारून गेल्या, आम्ही पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. मोठ्या इस्पितळात नेऊन ठोके चालवणारं यंत्र बसवावं लागेल, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नाही. हे गाडी बघायला पळाले. मी खाटेचा गज धरून उभी राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. तिचे तळवे चोळले, ते थंडगारच. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

सासूबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन त्या चमच्याने पाजू लागल्या. भिंगरीला डोळे उघडायची ताकद नव्हती, पण घोट गेल्यावर कडू लागल्यासारखं तिचं तोंड वाकडं झालं.

मी गज सोडून पुढे झाले.

"आई, काय आहे त्यात?"

"आपला चहा. जरा दाट उकळलाय. तेवढंच पोटात टिकतंय पोरीच्या."

"नका देऊ. डॉक्टरांना विचारते आधी."

"विचार की! आईने चहा पाजला म्हणून फासावर चढवतात का बघू."

मी थर्मास अक्षरशः हिसकावला. लग्न झाल्यापासून त्यांच्या हातातलं भांडंसुद्धा मी न विचारता घेतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला, थेंबभर चाखला, आणि मी कमळाच्या बियांचे कोंब म्हणताच धावत खाटेपाशी आल्या.

"आजी, हे कधीपासून देताय?"

"घरी रोजच. इथे आल्यापासून जाईल तेवढं. जीव शांत व्हावा म्हणून."

"गोळीचंही तेच काम होतं. ठोके मंद करणं. दोन्ही एकदम झालं, आणि गोळी बंद केली तरी हे चालूच राहिलं."

सासूबाईंनी मान वर केली. "म्हणजे आमच्या कोंबात खरंच गुण आहे?"

"आहे, आजी. म्हणून तर ही वेळ आली."

सुई टोचली, सलाईन लावलं. गाडी दारात येऊन उभी राहिली, पण डॉक्टरीणबाईंनी थांबवून ठेवली. "आता हलवायला नको. अंगातलं उतरू दे. त्याआधी हृदय थांबलं नाही, तर वाचेल."

त्या 'तर'पाशी आम्ही दुपारभर बसलो. सासूबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून आपल्या हिरव्या बोटांकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तोंड फिरवत होती गं ती. मीच गाल दाबून पाजलं." मी त्यांचा हात घेतला, तर त्यांनी सोडवून घेतला.

ऊन खिडकीतून सरकून गेलं. नर्स नाडी बघून जायची, तोंडावर काही दिसू द्यायची नाही. मग एकदा तिने मनगट धरलं ते सोडलंच नाही, आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. मी डोळे मिटून घेतले.

"चढतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सावकाश, पण चढतेय."

बऱ्याच वेळाने भिंगरीने ओठ हलवले. "आई, पाणी."

सासूबाई धडपडत उठल्या, तांब्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "पाणी देऊ का मी तिला?"