भिंतीपलीकडचा तिसरा माग

शहापूरच्या विणकर गल्लीत पावणेसहाला नळाला पाणी आले. जयवंताने दोन घागरी भरून चहाचे आधण ठेवले. तिचा नवरा जोतिराम याने भिंतीलगत घोंगडीची चौपदरी घडी घातली, चष्मा काढून खिडकीतल्या नट आवळायच्या जुन्या पान्याशेजारी ठेवला आणि सहाला मिनिटभर कमी असताना डोळे मिटले. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराहून आल्यापासून, गेले दोन महिने, यात खंड नव्हता.

बरोबर सहाला भिंतीपलीकडे त्याच्या थोरल्या भावाने, मष्णूने, माग सुरू केले. पूर्वी तो सातला सुरू करीत असे. भाऊ ध्यानाला बसतो हे कळल्यापासून त्याला तासभर आधी जाग येऊ लागली होती.

वाटणीत तीन यंत्रमाग होते. एकेक दोघांना आला; तिसरा मष्णूने ठेवला, म्हणून त्याचा पाना जोतिरामने दिला नाही. तेव्हापासून दोन वर्षे बोलणे बंद.

त्या मागावर जोतिरामने पंधरा वर्षे साड्या काढल्या होत्या. त्यामुळे श्वासावरचे लक्ष घसरले ते नेमके त्याच्याच आवाजावर. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा चामडी पट्टा ढिला झाला होता. असाच चालला तर धोटा उडून समोरच्या माणसाला लागणार. मष्णूला अलीकडे कमी ऐकू येत होते. त्याला हे कळणार नव्हते.

जोतिरामला गुदगुल्या झाल्या. शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्याने त्या आनंदाकडे तटस्थपणे पाहिले. आनंद फार चांगला होता, म्हणून तासभर पाहत राहिला. शेवटी सर्व प्राण्यांचे मंगल चिंतून त्याने डोळे उघडले. समोर जयवंता चहा घेऊन उभी होती.

"ध्यानात हसत हुतासा."

"न्हाय गं."

"मिशी हलत हुती. काय दिसलं?"

त्याने पट्ट्याचे सांगितले. बोलून दाखवताना त्यातली गंमत बरीच कमी झाली.

"सगळ्या प्राण्यांत मुंग्या धरल्या?" जयवंताने विचारले.

"व्हय."

"गल्लीतलं कुत्रं?"

"ते बी."

"आन् थोरलं भाऊजी?"

जोतिरामने चहाचा घोट घेतला. "साखर न्हाय ह्यात."

"मुंग्यास्नी घातली. तुमच्याच नावानं."

पलीकडे धोटा जात होता, येत होता. आवाज तोच होता, पण आता जोतिरामला त्या मागासमोर उभा असलेला मष्णू दिसत होता. त्याने कप खाली ठेवला, पाना उचलला आणि परसदारातून पलीकडे गेला.

त्याने दांडा ओढून माग थांबवला. मष्णू वळला. हातातला पाना पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"ध्यान लौकर उरकलं रं आज?"

"तुझा माग बसू देत न्हाय, आण्णा. सरक जरा."

मष्णू सरकला आणि न सांगताच त्याने बॅटरी धरली. जोतिरामने पट्टा ताणून नट आवळला, माग चालू केला आणि डोळे मिटून पंचवीसेक टोले ऐकले. आवाज स्वच्छ होता.

मग त्याने पाना मष्णूच्या खिडकीत ठेवला आणि मोकळ्या हाताने घरी आला.