पटलावर ठेवलेला ठराव

टेक्ससमधल्या प्लेनोच्या मराठी मंडळाने उपासना मेश्रामला अकरा मतांनी अध्यक्ष केलं आणि त्याच दुपारी, त्याच मतपेटीतून, सात जणांच्या समितीत विरोधी शैलेंद्रच्या गटाची चार माणसं बसवली. लोकांचं हे असंच असतं. एका हाताने हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने पाय ओढायचे. उपासनाच्या बाजूला उरले तीन: ती स्वतः, अतुल आणि चिटणीस नीना.

निवडणुकीत तिने एकच शब्द दिला होता, बाबासाहेबांची जयंती मंडळाच्या व्यासपीठावर करायची. वीस वर्षं ती आणि पंचवीस-तीस कुटुंबं जयंती लायब्ररीच्या मागच्या खोलीत करत आली होती. मंडळाच्या गणपतीत मात्र याच सगळ्यांनी मोदक वळले होते आणि खुर्च्याही उचलल्या होत्या. याचा तिला राग होता. हसऱ्या चेहऱ्यामुळे तो कुणाला दिसत नसे, एवढंच.

तिची मुलगी अनिका ऑस्टिनला राज्यशास्त्र शिकत होती. आईची कहाणी ऐकून ती फोनवर खूश झाली. "आई, दिस इज डिव्हायडेड गव्हर्नमेंट! वॉशिंग्टनमध्ये कितीदा असंच असतं. प्रेसिडेंट एका पार्टीचा, काँग्रेस दुसऱ्या पार्टीची."

"मग तो बिचारा करतो काय?"

"व्हीटो करतो. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर काढतो. नाहीतर समोरच्यांपैकी एकेकाला गाठून गोड बोलतो."

उपासनाने मंडळाची घटना उघडली. व्हीटो कुठेच नव्हता. अध्यक्षाला स्वतःच्या सहीने करता येतील अशा गोष्टी दोनच, सभेचा चहा ठरवणं आणि हॉल बुक करणं. अमेरिकेच्या अध्यक्षाकडे अणुबॉम्बचं बटण असतं, हिच्याकडे चहाचं! पण हॉल तर होता. यंदा चौदा एप्रिल नेमका रविवारी येत होता. तिने हुकूम काढून हॉल बुक करून टाकला.

मग गोड बोलणं. शैलेंद्रच्या गटातल्या सुलभाकाकूंकडे ती कोथिंबिरीच्या नागपुरी सांबारवड्या घेऊन गेली. काकूंनी चार खाल्ल्या, दोन नातवासाठी ठेवल्या आणि म्हणाल्या, "वडी फर्स्ट क्लास झालीय गं. मत मात्र मी शैलेंद्रला देऊन बसलेय. त्याने नातवाला इंटर्नशिप मिळवून दिली ना." खाल्ल्या वडीला जागणं काकूंच्या पत्रिकेतच नसावं.

हॉलचा हुकूम झोंबल्यामुळे शैलेंद्रने मार्चच्या सभेत ठराव आणला: मंडळाने यापुढे फक्त पारंपरिक सण साजरे करावेत. थर्टी फर्स्टचा डीजे कुठल्या परंपरेत बसतो, हे त्यात नव्हतं. चार विरुद्ध तीन, म्हणजे ठराव मंजूर होणार आणि जयंती पुन्हा मागच्या खोलीत जाणार.

शैलेंद्र पुण्यात कॉलेजच्या युवा संसदेत विरोधी पक्षनेता होता आणि तो मुक्काम त्याने मनातून कधी हलवलाच नव्हता. ब्लेझर सारखा करून तो उभा राहिला. "मॅडम प्रेसिडेंट, आय मूव्ह टु टेबल धिस रेझोल्यूशन."

नीनाने मान वर केली. ती प्लेनोतच जन्मलेली, महापालिकेच्या कचेरीत रोज सभांची इतिवृत्तं लिहिणारी. "टेबल करायचंय? आर यू शुअर, शैलेंद्रकाका?"

"शंभर टक्के!"

"सेकंड?"

"सेकंड!" त्याच्या गटातले जगन्नाथ ओरडले.

"ऑल इन फेवर?" चार हात ताठ वर गेले.

"ओके, टेबल्ड. नेक्स्ट, पार्किंग."

"अगं, चर्चा? मतदान?"

"काका, झालं की. टेबल म्हणजे बाजूला ठेवलं. आता मे महिन्याच्या मीटिंगला."

"बाजूला? अगं, टेबल म्हणजे पटलावर ठेवणं! सभागृहासमोर मांडणं!"

"इंडियात असेल, काका. वी आर इन टेक्सस."

अतुलला समोशाचा ठसका लागला. स्वतःच्या ठरावाला स्वतःच्या चार मतांनी मूठमाती देणारा विरोधी पक्ष त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

उपासनालाही हा अर्थ ठाऊक नव्हता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत तिने पटल ऐकलं होतं ते मांडण्यासाठीच. मेच्या आधी जयंती होऊन जाणार. आता फक्त "पार्किंग" म्हणायचं, की जिंकली. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही. पण जयंती एका चुकलेल्या इंग्रजी शब्दाच्या आडून आत न्यायची? तिला ते सोसेना.

"शैलेंद्र, तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं. ठराव परत मांडा, माझी हरकत नाही."

नीनाने टेबलाखालून तिला पाय मारला.

"फक्त एक करा. जयंती का नको विचारलं की आजवर मी 'तसं काही नाही हो, पण...' एवढंच ऐकलंय. आज त्या 'पण'च्या पुढचं बोला. नीना शब्दन् शब्द लिहून घेईल."

शैलेंद्रने कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. उपासनाच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा याच माणसाने महिनाभर अनिकाला शाळेत सोडलं होतं. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. जगन्नाथ मोबाइलमध्ये बघत राहिले.

"पार्किंगचं घ्या," शेवटी तो हळूच म्हणाला आणि खाली बसला.

मग सुलभाकाकूंनी खुर्ची उपासनाकडे सरकवली. "काय गं, चौदा तारखेला पांढरं नेसायचं असतं ना? माझ्याकडे पांढरी साडीच नाही."

वीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"निळीही चालते, काकू," उपासना म्हणाली, आणि तिला सगळ्यांसमोर रडू आलं.