ठमी चावत नाही

आमच्या घरी रस्त्यावर सापडलेली कुत्रीमांजरं येतात, बरी होतात आणि कुणाच्या तरी पक्क्या घरी जातात. ठेवून कुणालाच घ्यायचं नाही, हा नियम माझाच. एकाला ठेवलं की पुढच्याची जागा गेली. सूनबाई एकदा मांजराच्या पिल्लापायी रडायला लागली, तेव्हा चांगली सुनावली होती तिला. "रडायचं तर मोरीत जाऊन रड. जनावराला खायला घालणारी हवी, डोळे पुसत बसणारी नको."

मग ठमी आली. भुरी कुत्री, मागचा पाय मोडलेला. औषध घ्यायची ते माझ्याच हातून. मी भाजी निवडायला बसले की माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडायची. पायाला मुंग्या यायच्या, पण मी हलायची नाही.

चार महिन्यांनी तिला बघायला टेलरमास्तर आले, बायकोला घेऊन. त्यांचा म्हातारा कुत्रा गेलेला, त्याचा पट्टा अजून खिशात. खोट काढायला कुठे जागा नाही, म्हणून मला उलट रागच आला. सूनबाई चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मी म्हटलं, "दिसते गरीब, पण चावते हो."

मास्तरीणबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

आठवड्याने, आमच्याकडे ही जनावरं पाठवणाऱ्या संस्थेच्या डॉक्टरीणबाईंचा सूनबाईला फोन आला. मास्तरांकडून त्यांना कळलं होतं. चावरं कुत्रं ते कुणालाच देत नाहीत. उद्या गाडी येणार आणि ठमी कायमची पिंजऱ्यात.

"आई, ठमी कुणाला चावली?"

मी लसूण सोलत होते. ठमी पावलावर. सोललेल्या पाकळ्या मी टरफलांत टाकतेय, हे सुनेने पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्यापुढे मी कधी चुकले नव्हते. निदान कबूल तरी केलं नव्हतं.

"कुणालाच नाही. मी खोटं बोलले."

सूनबाईने टरफलांतल्या पाकळ्या वेचून बाजूला काढल्या. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

"फोन लावू मास्तरांना?" शेवटी म्हणाली.

"नको. तोंड दाखवूनच सांगते."

ठमीला घेऊन दुकानात गेलो. मास्तर मशीनवर होते, मास्तरीणबाई शेजारी काजं करत होत्या. "मास्तर, कुत्री चावत नाही. चावले ती मी."

मशीन थांबलं. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. मी हं हं करत ऐकून घेतली.

"एवढा जीव आहे, तर तुम्हीच का नाही ठेवून घेत?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"उद्या दोन पिल्लं यायचीत," मी म्हटलं. "त्यांना कुठे ठेवू?"

मास्तरांनी खिशातला पट्टा काढला. ठमीने तो हुंगला, मास्तरीणबाईंच्या पावलावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मेलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी तडक मोरीत गेले. कडी लावली, नळ मोठा सोडला.

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली. "आई, नळ बंद करा. टाकी रिकामी होईल. मी काही ऐकत नाहीये."