सहीच्या वेळची शिंक

चुनीलालशेठ कशाला म्हणून भीत नसत. भीत ते फक्त शिंकेला. घराबाहेर पाऊल टाकताना आळीत कुणी शिंकलं की ते तसेच मागं फिरायचे, जोडे काढायचे, पागोटं खुंटीला लावायचे आणि चिमूटभर साखर तोंडात टाकून घटकाभर खाटेवर बसून राहायचे. अशाच एका शिंकेपायी त्यांची सुरतेची गाडी चुकली होती आणि दुसऱ्या एका शिंकेपायी लेकीची सोयरीक दोन महिने लांबली होती. दोन्ही वेळा शिंकणारी शेजारची म्हातारी भिकूबाई. तिला कुणी बोल लावला की ती म्हणायची, "मन्हा नाकले काय पंचांग समजस?"

आता शेठचा धंदा मिरचीचा. गावाच्या कडेला त्यांची मोठी पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. कार्तिकात तिथं जमीन दिसायची नाही, नुसता लाल रंग दिसायचा. "तीन पिढ्या मिरचीमा गयात," शेठ परगावच्या व्यापाऱ्यांना सांगायचे, "मन्हा घरमा मांजर बी शिंकस नही!" हे मात्र खरं होतं. म्हणून तर त्यांना वाटायचं, की आपल्या कानावर शिंक पडली म्हणजे ती मिरचीची नव्हे, वरून आलेली.

त्यांची बायको सुंदरबाई. बोलणं इतकं हळू की तुळशीला घातलेलं पाणी जास्त वाजावं. कोजागिरीपासून कार्तिकी पुनवेपर्यंत पहाटेचं स्नान, एकवेळचं जेवण आणि रोज पोथीचा एक अध्याय. अध्याय झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. पोथी वाचायला वर्षानुवर्षं एक भटजी यायचे. ते वाचायचे आगगाडीसारखं. देव कुठल्या स्टेशनावर उतरले आणि दैत्य कुठं चढले, काही कळायचं नाही. पाव घटकेत अध्याय संपवून ते पुढच्या घरी जायचे.

यंदा सुंदरबाईनं भटजींना सांगितलं होतं, "आते एकदम पुनवले या, उद्यापनले." कारण यंदा ती स्वतः वाचत होती. हे फक्त तिघांना ठाऊक होतं: तिला, देवाला आणि सुसानाबाईंना.

सुसानाबाई म्हणजे म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, नवापूरकडच्या, ख्रिस्ती. शाळा पथारीच्या कुंपणाला लागून. दुपारच्या सुट्टीत त्या आळीतल्या पाचसहा बायांना अक्षरं शिकवत, त्यांत सुंदरबाई. पोथीत एखादं जोडाक्षर अडलं की सुंदरबाई ते बोटावर काजळानं काढून न्यायची. बाई आपल्या रविवारच्या प्रार्थनेइतक्याच श्रद्धेनं ते फोडून सांगायच्या. लेकीचं पत्र आलं की पोस्टमन ते ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि लेकीला कोरडी उलटी किती वेळा झाली हे सगळ्या आळीला कळायचं. आता सुंदरबाई पत्र देवघरात नेऊन वाचत होती. शेठ उजाडताच पथारीवर जात, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पुनवेला, उद्यापनाच्या दिवशी, त्यांच्यासमोर शेवटचा अध्याय वाचायचा असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि त्याच वर्षी, एकोणीसशे चौतीस सालच्या दिवाळीत, शेठनी सुरतेहून मिरची कांडायचं यंत्र आणलं, तेलाच्या इंजिनावर चालणारं. ते मांडलं पथारीच्या कोपऱ्यात. म्हणजे शाळेच्या खिडकीसमोर.

परवानगीसाठी शाळेच्या ओसरीत सभा भरली. म्युनिसिपालटीचे अध्यक्ष दिलवरसिंगबापू मधे खुर्चीवर, पुरुष सतरंजीवर, बाया दाराआड.

"जागा मन्ही, मिरची मन्ही, इंजिन मन्हं," शेठ म्हणाले. "मंग तक्रार कोननी शे?"

"नाक आमनं शे!" दाराआडून भिकूबाई म्हणाली.

शांतीलाल उठला. त्याचं घर शाळेच्या पलीकडं. पोरींचे कोवळे डोळे, स्वच्छ हवा, गावाचं आरोग्य, असं तो बराच वेळ आणि चांगलं बोलला. स्टेशनाजवळचं त्याचं वावर पाच वर्षं भाड्यावाचून पडलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चांगलं बोलणाऱ्याला मधेच कोण अडवणार?

"आरे, यंत्रले कापडनी पिशवी शे," शेठ म्हणाले. "चिमूटभर भुकटी उडाव नही."

मग बापूंनी मास्तरीणबाईंना विचारलं. सुसानाबाई उभ्या राहिल्या. "मला दमा आहे, साहेब. मिरचीचे ढीग उलथतात तेव्हाही मी खिडकी लावून घेते. यंत्र आलं तर मला बदली मागावी लागेल. शेठजींवर माझा राग नाही."

दाराआड सुंदरबाई बोटं मोजू लागली. पोथीचे अजून आठ अध्याय राहिले होते आणि सगळी अवघड जोडाक्षरं त्यातच दबा धरून बसली होती.

बापू सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. ते म्हणाले, "आपण यंत्र चालवूनच बघू. शाळेला त्रास झाला नाही, तर चुनीलालशेठ 'त्रास होणार नाही' असं लिहून सही करतील, त्याखाली मी करीन." दिवसही ठरला.

घरी आल्यावर सुंदरबाई म्हणाली, "मास्तरीणबाई चालनी जाई, ते शाळा बंद पडी."

"दुसरी येई."

"बाईमानूस मास्तरीण कोठे भेटस?"

"तुले काय करनं शे शाळानं?" शेठ हसून म्हणाले. "तुन्हं काम पोथी आयकानं!"

ती चुलीकडं वळली. पुनवेचं गुपित आज उघडलं असतं, तर ते भांडणाच्या कामी आलं असतं. देवाचं वाचन भांडणाला वापरणं तिच्या मनाला पटेना.

ठरल्या दिवशी सकाळी शेठ चहा पिता पिता खुशीत होते. "बापूले दहाले बलायेल शे," ते म्हणाले. "तवय वारा गावकडथून वाहस, भुकटी सारी वावरमा. बारा वाजता वारा फिरस आनि शाळाकडे जास. पन बारा वाजता आपन पंगतमा बसेल राहसूत, कागद खिसामा!"

सुंदरबाईनं बशी उचलली. वाऱ्याचं तिलाही ठाऊक होतं; कार्तिकात दुपारनंतर पापड वाळत घालायची तिची बिशाद नव्हती.

बापू साडेआठलाच आले. बापू भाविक. ओसरीत चौरंगावर पोथी, समई, ताजी झेंडूची फुलं पाहून त्यांनी जोडे काढले आणि हात जोडले. "वा शेठ! घरात पोथी चालते?"

शेठ फुलून गेले. "रोज, बापू. मन्हा घरना नेमच शे. बसा ना, एक अध्याय आयका. पाव घटकानं काम."

सुंदरबाईनं पदर सावरला आणि नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमले उशीर व्हई."

"देवना कामले कसाना उशीर?" शेठ बापूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले आणि मांडी घालून बसले. त्या घराचा दंडक होता, पोथी एकदा उघडली की मिटेपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही. शेठच्या आजीनं घातलेला. शेठ दाराकडं बघत होते, भटजी अजून कसे आले नाहीत म्हणून.

तेवढ्यात सुंदरबाई चौरंगापुढं बसली, तिनं पोथी उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "श्री... श्रीग... श्रीगणे..."

शेठचं तोंड उघडं पडलं. ते पुष्कळ वेळ तसंच राहिलं.

अध्याय चौऱ्याण्णव ओव्यांचा होता. सुंदरबाई एकेक अक्षर असं उचलायची, जसं तांदळातून खडा उचलावा. ओवी संपली की ती पुन्हा सबंध म्हणायची, शुद्ध व्हावी म्हणून. 'लक्ष्मी'पाशी ती तीनदा अडली. बापूंना राहवेना. ते म्हणाले, "लक्ष्मी."

"थांबा बापू," ती हळूच म्हणाली, "मीच लावस."

दहा वाजले. इंजिनवाला दाराशी आला आणि खुणेनं विचारून गेला. अकरा वाजता पुन्हा आला. शेठनी बसल्या बसल्या हातानं त्याला हाकललं. उंबऱ्यावरचं ऊन सरकत अंगणात गेलं, अंगणातून तुळशीच्या बुडाशी गेलं. बापूंच्या पायाला मुंग्या आल्या, पण कथा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होती. "मग त्या राजाचं काय झालं हो?" त्यांनी मधेच विचारलं. सुंदरबाईलाही पुढचं ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आते समजी," आणि पुढच्या ओवीवर बोट ठेवलं.

तिनं मुद्दाम उशीर केला का? आळीतल्या बाया पुढं कितीतरी वर्षं तिला हे विचारत. ती कानांना हात लावायची. पोथीपुढं कपट करणारी ती बाई नव्हती. तिनं फक्त एवढंच केलं, की त्या दिवशी एकही अक्षर गाळलं नाही. एरवी भुकेच्या घाईत एखादं कठीण जोडाक्षर ती नमस्कार करून ओलांडून जायची, हेही तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

शेठचं मात्र निराळंच चाललं होतं. आधी ते घड्याळ बघत होते. मग त्यांचं लक्ष बायकोच्या बोटाकडं गेलं. नखाच्या कडेला काजळ होतं. पंचवीस वर्षं या बोटानं त्यांना भाकरी वाढली होती. ते बोट वाचतं हे त्यांना माहीत नव्हतं. दोनचार ओव्या ते घड्याळ बघायचंच विसरले.

पोथी मिटली तेव्हा सव्वाबारा झाले होते.

"आधी यंत्र," शेठ घाईघाईनं उठले, "मंग जेवन."

पथारीवर सगळे वाट बघून कंटाळले होते. भिकूबाई कुंपणाशी टोपली पालथी घालून बसली होती, शांतीलाल तिच्यामागं. शाळेत पोरी पाढे म्हणत होत्या. इंजिन धडधडलं, यंत्रात मिरची पडली, कापडाची पिशवी पोट फुगवून बसली. आणि पिशवीच्या शिवणीशिवणीतून तांबूस धुकं निघालं, जरा वेळ हवेत तरंगलं आणि फिरलेल्या वाऱ्याबरोबर सरळ शाळेच्या खिडकीत शिरलं.

पाढे सत्ताविसावर थांबले.

शेठनी तिकडं पाहिलंच नाही. कागद पेटीवर पसरलेला, टाक शाईत बुडवलेला. "सही करी टाकस," ते म्हणाले.

शाळेतून शिंक आली. बारीक, एकटी.

शेठनी टाक खाली ठेवला, बंडीतली चिमूटभर साखर तोंडात टाकली. "घटकाभर थांबा, बापू."

"शेठ, माझे डोळे झोंबताहेत," बापू उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले.

"शिंकनंतर सही नही करतस, बापू. इंजिन बंद करा रे!"

इंजिन बंद झालं, पण धुक्याला कोण बंद करणार? घटका भरत आली, शेठनी टाक उचलला, आणि शाळेतून आठदहा शिंका एकदम आल्या, जशा पाढ्याला चाल लावून. पुन्हा साखर, पुन्हा घटका. तोवर सुसानाबाई पदर नाकाला धरून पोरींना ओळीनं बाहेर काढत होत्या. त्यांचा श्वास शीळ घालत होता, तो पथारीपर्यंत ऐकू येत होता. सुंदरबाई कुंपणापासून धावत गेली, त्यांना धरून शेठच्या समोरूनच आपल्या ओट्यावर घेऊन गेली, आणि पाठीवरून हात फिरवत बसली. शेठनी ते पाहिलं. मास्तरीणबाईंच्या बोटालाही तसंच काजळ होतं.

"चुनीभाऊ," भिकूबाई ओरडली, "यंदा मी नही हां! मन्हं नाक मी धरी ठेयेल शे!"

सगळे हसले. हवा जरा निवळली. शेठनी तिसऱ्यांदा टाक उचलला. चहूकडं शांत. पोरी शांत, भिकूबाई शांत, बापू श्वास रोखून. टाकाचं टोक कागदाला लागलं, 'चु' उमटला.

आणि तीन पिढ्यांत जे झालं नव्हतं ते झालं. चुनीलालशेठ शिंकले.

शिंक अशी, की पागोटं कागदावर पडलं. 'चु'च्या जागी शाईचा मोठा डाग उरला. पथारीवर मिरची खुडणाऱ्या बायांचे हात थांबले.

शेठनी पागोटं उचललं, झटकलं, पण डोक्यावर घातलं नाही. त्यांनी कागदावरचा डाग बोटानं टिपला. मग कागद चौघडी करून बंडीत घातला.

"आठे नही, बापू," ते म्हणाले. "आठे यंत्र नही. गावबाहेर जागा देखसू."

"स्टेशनपाशी मन्हं वावर शे!" शांतीलाल तत्काळ पुढं झाला. "भाडं तुमी म्हनशात ते!"

"आनि तठली हवा?" भिकूबाईनं विचारलं.

शांतीलालनं हवेकडं पाहिलं. त्या दिवशी त्याला तिच्याविषयी जास्त काही बोलायचं नव्हतं.

यंत्र महिनाभरानं तिकडंच गेलं, स्टेशनच्याही पलीकडं, जिथं शेवटचं घर संपतं. सुसानाबाईंनी बदलीचा अर्ज लिहिलाच नाही.

त्याआधीच पुनवेला उद्यापन झालं. भटजी आले तसे दक्षिणा घेऊन गेले. सुंदरबाई शेवटच्या अध्यायाला बसली. यंदा शेठ सकाळी पथारीवर गेलेच नव्हते. सुसानाबाईही ओट्यावर येऊन बसल्या होत्या, दाराबाहेर, भिंतीला टेकून. सुंदरबाईनं ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच शेठ शिंकले. सहीच्या दिवसापासून त्यांचं नाक जरा हळवंच झालं होतं.

सुंदरबाई थांबली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता साखर, आता घटका.

शेठनी नाक पुसलं. "वाच वं," ते म्हणाले. "हाई शिंक मन्ही शे, पोथीनी नही."

तिनं वाचायला घेतलं. एकही अक्षर गाळलं नाही.