निळा तीळ

ऋजुताने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालून काढली, पुसली आणि पुन्हा लावली. काळे ठिपके जिथल्या तिथे होते.

प्रोस्टेटचे ते तुकडे कळव्याच्या गोमाजी कोळ्यांचे. लघवी अडते म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि शाई सांडल्यासारखे डागाळलेले तुकडे निघाले. सर्जननी घरच्यांना मनाची तयारी ठेवायला सांगितलं होतं. तेव्हापासून गोमाजींची बायको सगुणा तीनदा ठाण्याच्या या लॅबमध्ये येऊन गेली होती. दर वेळी काउंटरवर एकच विचारायची, "झाला का गो रिपोर्ट?"

ऋजुता पंधरा वर्षं पॅथॉलॉजिस्ट होती, पण असं काही तिने फक्त पुस्तकात पाहिलं होतं. कॅन्सर लिहिला तर धडधाकट माणूस उगाच कापला जाणार. नाही लिहिला आणि चुकलं तर माणूसच जाणार. तिने लोहाची चाचणी लावली; साकळलेलं रक्त नव्हतं. मग एका पट्टीवरचा काळा रंग औषधाने उडवला. खालून पेशी दिसल्या. बारीक, लांबट, गुमान पडलेल्या. कॅन्सरसारखी भराभर दुभंगणारी एकही नाही. तरी तिने उरलेला तुकडा न् तुकडा पाहिला. चौथ्या दिवशी दुपारी, डबा तसाच ठेवून, रिपोर्टवर सही केली आणि दोघांना बोलावून घेतलं.

"कॅन्सर नाहीये," ते खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली.

गोमाजी उभेच राहिले. "मंग काला कशान झायला?"

"काका, अंगावर तीळ असतो ना, तसाच हा. निळा तीळ म्हणतात. या जागी फार क्वचित होतो. त्याने काही बिघडत नाही."

सगुणाने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"चालीस वरसां झाली लग्नाला," ती म्हणाली. "यांचे अंगावरचा सगला मना ठाव हाय. आन ह्यो तीळ कवापासून लपवून ठेवलाय?"

"अगो, डाक्तरीन बसलीय समोर," गोमाजी पुटपुटले.

सगुणा हसली. मग पदर तोंडाशी धरून हसत राहिली. हसणं थांबलं, तरी तिचे खांदे हलतच होते. गोमाजींनी अवघडून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

ऋजुताने समोरचा रिपोर्ट उचलला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.